बाहेरून लावलेली कडी

मी एक जुनी लोखंडी कडी आहे, मित्रांनो, आणि घट्टपणाच्या बाबतीत मला आजवर कुणी नावं ठेवलेली नाहीत. मीरा रोडच्या एका पोलीस ठाण्यात, मागच्या खोलीच्या दाराला मी बसवलेली आहे. ठाण्याचं नाव सांगणार नाही. ज्यांची गोष्ट सांगतेय ती माणसं अजून नोकरीत आहेत आणि मला कुणाची पंचाईत करायची नाही.

माझा जन्म भाईंदरच्या एका गाळ्यातला. तापले, ठोकले गेले, घासून गुळगुळीत झाले आणि एका हार्डवेअरच्या दुकानात खिळ्यांच्या डब्याशेजारी पडून राहिले. मग पोलीस ठाण्याचा सुतार आला. त्याने मला दोनदा सरकवून पाहिलं आणि दुकानदाराला म्हणाला, "ये चलेगी, एकदम टाइट है." त्या एका वाक्यावर मी कित्येक वर्षं खूश होते.

तेव्हा त्या खोलीत जप्तीचा माल ठेवत. सायकली, मिक्सर, दारूची खोकी, एकदा तर कुणाचं तरी अख्खं कपाट. मालाला कडी बाहेरूनच लागते, त्यात काही चुकलं नव्हतं. पुढे वरून हुकूम आला की महिलांसाठी वेगळी खोली हवी. माल हलवला, भिंतींना गुलाबी रंग दिला, लोखंडी खाट आणली, खिडकीला फुलाफुलांचा पडदा लावला. साहेबलोकांनी येऊन फोटो काढले. रंगाऱ्याने मलाही गुलाबी फासलं. पण मी होते तिथेच राहिले, दाराच्या बाहेरच्या अंगाला. मला हलवायला हवं हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही, आणि खरं सांगायचं तर माझ्याही नाही.

मग सुटका करून आणलेल्या बायका त्या खोलीत येऊ लागल्या. कुणी बारमधून, कुणी घरकामातून, कुणी गाळ्यातून. त्या आत गेल्या की पाठोपाठ मी लागत असे. "त्यांच्याच सेफ्टीसाठी," असं सगळे म्हणत. मला आतलं काही दिसत नसे. फक्त ऐकू येई. मी लागले की आतलं बोलणं बंद पडत असे, एवढं मात्र माझ्या लक्षात आलं होतं.

एक दिवस माझ्यासमोरच्या कॉरिडॉरमध्ये खुर्च्या मांडून ठाण्यातल्या लोकांचं प्रशिक्षण झालं. शिकवायला उत्तनच्या कोळीवाड्यातल्या सेलेस्टिनबाई आल्या होत्या. अंगाने किरकोळ, आवाज मात्र समुद्रावर हाक मारायची सवय असल्यासारखा खणखणीत. माणसांच्या तस्करीतून सुटलेल्यांशी कसं वागायचं, हा विषय. जेवणानंतर सगळे पेंगायला लागले तसं त्यांनी भाषण थांबवलं आणि हवालदार पंढरीनाथना उभं केलं. पंढरीनाथ म्हणजे ठाण्यातला आडदांड, हसतमुख माणूस. त्यांचा मोबाइल, पाकीट, पट्टा काढून घेतला, त्यांना गुलाबी खोलीत पाठवलं आणि बाईंनी स्वतः मला सरकवलं. का, ते सांगितलं नाही. बाकीचे बाहेर चहा प्यायला बसले.

आधी पंढरीनाथ आतून गाणं म्हणत होते. मग "मॅडम, झालं का?" म्हणून हाक आली. मग दारावर टकटक. बाहेर कुणी उत्तर देईना. शेवटी त्यांनी दार असं खेचलं, की माझे स्क्रू हलले. मी अर्थातच सुटले नाही. बाईंनी मला काढलं तेव्हा पंढरीनाथ घामाने भिजलेले होते आणि त्यांना हसता येत नव्हतं. त्यांनी फक्त पाणी मागितलं.

"हवालदारसाहेब, तुमाला तरी ठाऊक होतं, की मी उघडणार," सेलेस्टिनबाई म्हणाल्या. "इथं आणलेल्या पोरीला ते कोण सांगतं?"

वरिष्ठ निरीक्षक हरिश्चंद्रसाहेब मागच्या खुर्चीतून म्हणाले, "क्लासमध्ये सगळं ठीक आहे हो. उद्या एखादी पळून गेली तर नोकरी आमची जाणार." मला ते पटलं. मला तर त्या बाईंचा रागच आला होता. माझ्या कामात काय खोट काढतात या?

त्यानंतर थोड्याच दिवसांनी सकाळी एक रिक्षावाला सुगंधाला घेऊन आला. एकोणीस वर्षांची पोर, जव्हारकडची. पायात चप्पल नाही, कोपर सोललेलं. घोडबंदर रस्त्यावर चेण्याजवळ ट्रॅफिकमध्ये टेम्पो हळू झाला आणि तिने मागून उडी टाकली होती. हाटकेशच्या एका गाळ्यात पोरींना कोंडून पॅकिंगचं काम करून घेत, एवढं तिने रिक्षावाल्याला सांगितलं. गाळ्याच्या शेठला धाडीची कुणकुण लागली, म्हणून तो पोरींना दुसरीकडे हलवत होता. टेम्पोत अजून चौघी होत्या. त्यातली सगळ्यात लहान मिनल, सुगंधाची मावसबहीण. टेम्पो पुढे निघून गेला होता.

ड्युटीवरच्या शिपायाने सवयीने तिला खोलीत नेलं आणि मला लावलं. मी खट्‌कन बसले. त्या आवाजासरशी आत काहीतरी धपकन खाली पडलं. बहुतेक तीच.

उपनिरीक्षक क्षितिजा मॅडम धावत आल्या. दार उघडून त्यांनी विचारलं, टेम्पो कुठे चालला होता? नंबर आठवतो का? रंग कुठला? बाकीच्या पोरी कुठे नेल्या? पोरीने तोंडातून शब्द काढला नाही. मॅडम बाहेर आल्या, सवयीने हात माझ्याकडे गेला आणि मध्येच थांबला. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी दार सताड उघडलं, खाली वीट लावली आणि पुन्हा आत गेल्या.

"सुगंधा, तुला अटक केलेली नाही," मॅडम म्हणाल्या. "हे दार आता कुणी लावणार नाही. तुला जायचं असेल तर जा, कुणी अडवणार नाही. पण मिनल कुठे आहे ते फक्त तुला माहितीये. सांगायचं की नाही, ते तू ठरव."

कॉरिडॉरमध्ये हरिश्चंद्रसाहेब उभे होते. त्यांच्या कपाळावर आठ्या चढल्या.

"मॅडम, काय चाललंय? ती गेली तर त्या चार पोरींचा पत्ता कोण देणार?"

"कडी लावली तर ती देणारच नाही, साहेब."

"आणि गेली तर?"

"तर मी जबाबदार."

"लेखी द्याल?"

"देते."

मित्रांनो, मला मॅडमचा भयंकर राग आला. एक बोट लावायचं होतं फक्त, पुढचं मी सांभाळलं असतं. तिकडे टेम्पो पळतोय, इकडे एकुलता एक धागा हातात आणि यांनी दाराला वीट लावून ठेवलेली.

आणि तेच झालं. सुगंधा उठली. उंबऱ्याशी आली, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि चालायला लागली. कॉरिडॉर संपला, ती वळली. तिथून पुढचं मला दिसत नाही. हरिश्चंद्रसाहेब पाऊल उचलणार तोच क्षितिजा मॅडमनी हात आडवा केला. साहेबांना!

गेटवर पंढरीनाथ होते. त्यांनी हाक मारली असती तर पोर जागीच गोठली असती, एवढा त्यांचा आवाज मोठा. मी कान देऊन होते. त्यांचे बूट बाजूला सरकल्याचा आवाज आला. मग ते हळू म्हणाले, "रिक्षा पाहिजे असेल तर उजवीकडे स्टँड आहे, बाळ. रस्ता नीट बघून ओलांड."

पुढे काहीच ऐकू येईना. माझा जीव टांगणीला लागला होता. लोखंडालाही जीव असतो, हसू नका. रस्त्यावरचे हॉर्न तेवढे येत होते. साहेबांनी कपाळाला हात लावला. गेली, असं मी पक्कं धरून चालले.

मग अनवाणी पावलं परत आली. सुगंधा मॅडमसमोर येऊन उभी राहिली. तिला धाप लागली होती.

"शेठ बोलला व्हता, पोलिस माझेच हायत. तेपण कडी लावतील, बघ." तिने माझ्याकडे बोट केलं. "पयल्यांदा लावली तवा मला खरंच वाटला. पण मी गेटातून भायेर जाऊन आली. कोणी नाय धरला."

आणि तिने भडाभडा सांगून टाकलं. चेण्याच्या पुढे, खाडीच्या अंगाला निळ्या पत्र्यांची शेड. शेठ फोनवर तेच बोलत होता. तिने आधी सांगितलं असतं आणि ते शेठच्या कानावर गेलं असतं तर मार मिनलला बसला असता, म्हणून ती गप्प होती. मित्रांनो, माझ्या एका खट्‌ने शेठचं खोटं खरं करून दाखवलं होतं. मला फार वाईट वाटलं.

मॅडमना घेऊन पोलिसांची गाडी सुटली. सुगंधा खोलीत बसेना. चौकटीला टेकून ती उभीच राहिली, पुढ्यातला चहा निवून गेला. वायरलेसवर खरखर झाली की ती दचकायची. एकदा आवाज आला, "शेड बंद आहे, बाहेरून कुलूप." तिने चौकट गच्च धरली. बराच वेळ नुसती खरखर. मग क्षितिजा मॅडमचा आवाज आला, "कुलूप तोडलं. चौघी आहेत. चौघीही ठीक आहेत." सुगंधा खाली बसली आणि मोठ्याने रडली.

दुपारी पोरी आल्या. मिनल सुगंधाला बिलगली ती सुटेचना. पण संकट टळलं नव्हतं. थोड्या वेळाने शेठचा मेहुणा दोघातिघांना घेऊन ठाण्यात घुसला आणि ओरडायला लागला, "हमारे घर की लडकियाँ हैं, हम लेके जाएंगे!" तो आवाज कॉरिडॉरमध्ये आला मात्र, आतून वीट बाजूला ढकलली गेली आणि दार आपटलं. मग लोखंडी खाट फरशीवरून कर्रकन ओढत दाराला लावल्याचा आवाज आला. आतल्या बाजूला कडीच नव्हती ना.

खाटेचा तो आवाज मॅडमनी ऐकला. आधी त्यांनी मेहुण्याला पुढच्या खोलीत नेऊन बसवायला लावलं, पोरींच्या नजरेआड. मग पंढरीनाथना म्हणाल्या, "काका, स्क्रू ड्रायव्हर आणा."

पंढरीनाथनी दार वाजवून पोरींना विचारलं, खाट सरकवून घेतली आणि मला उपटलं. गुलाबी रंगाचे पोपडे निघाले. त्यांनी मला आत आणलं, दाराच्या दुसऱ्या अंगावर धरलं आणि स्क्रू पिळले. ती खोली मी पहिल्यांदाच पाहत होते. पाच पोरी खाटेवर दाटीवाटीने बसल्या होत्या, माझ्यावर नजर लावून. काम झाल्यावर पंढरीनाथ बाहेर गेले आणि दार ओढून घेतलं. सुगंधाने दोन्ही हातांनी मला सरकवलं. नव्या जागी मी जरा अडले, पण बसले.

मित्रांनो, कडीला दोन थेंब तेल घाला, गंज चढू देऊ नका, हे तर मी मागेनच. पण माझी खरी विनंती वेगळी आहे. पलीकडे माणूस असेल तर दार वाजवा, आपलं नाव सांगा आणि आतून उघडेपर्यंत थांबा, मग तुम्ही कितीही मोठे असा.

त्या संध्याकाळी जेवण आलं तेव्हा दारावर टकटक झाली. "मी क्षितिजा. आत येऊ का?" आत कुजबुज चालली. बाहेरून हरिश्चंद्रसाहेबांचा आवाज आला, "काय मॅडम, बाहेर का उभ्या?"

"विचारलंय, साहेब. उत्तर यायचंय."

मला वाटलं साहेब आता दार ढकलणार. पण त्यांच्या बुटांचा आवाज आला नाही. तेही तिथेच उभे राहिले. मग मिनल खाटेवरून उतरली, टाचा उंचावल्या आणि तिने मला उघडलं.