जांभळाला दिलेला शब्द

नवऱ्याचं नाव बायकूनं घेऊ न्हाय म्हणत्यात. मी घेते. जोतीराम. जोतीराम सुतार, गडमुडशिंगीचा. नाव घेतल्यानं नवऱ्याचं आयुष्य कमी हुतंय म्हणं. होऊ दे की थोडं. त्येच्या तोंडानं माझ्या पोरीचं काय करून ठेवलंय ते ऐका, मग मला नावं ठेवा.

कामाला तसा त्यो वाघ. सागवान दाराला, बाभूळ गाडीच्या चाकाला, आंबा खोक्याला न्हायतर सरणाला, असं आल्यागेल्या पावण्याला चहा थंड होईस्तवर ऐकवत बसायचा. आन् जांभूळ पाण्याला. जांभूळ पाण्यात कुजत न्हाय, म्हणून नवी विहीर बांधताना तळाला जांभळाचं गोल कडं बसवायचं आन् त्येच्यावर दगडाचं बांधकाम चढवायचं. ह्यांच्या घराण्यात आणिक एक चाल हाय. झाडाला कुऱ्हाड लावायच्या आधी सुतारानं बुंध्यावर हात ठेवायचा आन् झाडाला सांगायचं, तू अमुक हुणार. दार म्हण, नांगर म्हण, जे असंल ते. एकदा सांगितलं की त्या लाकडाचं दुसरं काय करायचं न्हाय.

गावातलं बागायतदार गणपतराव मळ्यात नवी विहीर काढणार हुतं. त्यांच्या बांधावरच्या जांभळावर हात ठेवून जोतीराम म्हणाला, तू विहिरीत जाणार. मी भाकरी घेऊन गेलते, माझ्या कानानं ऐकलंय. झाड पडलं, फळ्या निघाल्या, आन् त्याच साली नदीचं पाणी पायपानं मळ्यात आलं. गणपतराव म्हणालं, आता कशाला पायजे नवी विहीर, जुनी हाय तेवढी बास. फळ्या तूच ठेव. त्या आमच्या घरामागच्या परड्यात उन्हात वाळत पडल्या.

मग मला शालू झाली. आधीची माझी राहिली न्हाईत, एक पोटात गेलं आन् एक बारशाआधी. त्यामुळं ही पोरगी म्हंजे माझा जीवच. जोतीराम तर आनंदानं येडा झालता. त्याच भरात त्येनं त्या फळ्या रंधून पाळणा केला. मी म्हटलं, आवं, ह्या लाकडाला विहीर सांगितलीया की. तर हसला. विहीरच झाली न्हाय तर शब्द कसला ऱ्हातोय, म्हणाला. माझी सासू धोंडुबाई म्हणाली, बाळंतिणीनं डोसक्याला ताप करून घेऊ न्हाय. मग बारशाला मीच शालूला त्येच्यात घातली.

बारसं झालं आन् पोरीची दुपटी भिजायला लागली. आता तान्ही पोर, भिजवणारच. पण ह्या ओलीला वास मुताचा न्हवता, गाळाचा हुता. हात लावला की बोटं गारठायची. आन् पाळण्यात पोरगी रडली की आवाज घुमून, लांबनं यायचा. मांडीवर घेतली की तेच रडणं नीट ऐकू यायचं. सासू म्हणायची, तू पोराला कोरडं ठेवत न्हाईस, आळशी हाईस. माझं रगात असं तापायचं म्हणून सांगू. पोरीला सर्दी झाली, मग खोकला, मग छाती भरली. कोल्हापूरच्या डॉक्टरनं औषध दिलं आन् विचारलं, पोरगी पाण्यात पडलीती काय?

तवा कुठं जोतीराम घाबरला. घरी येऊन त्येनं पाळण्यावर हात ठेवला आन् झाडाला सांगत्यात तसं सांगितलं, "आता तू विहिरीचा न्हाईस. तू पाळणा हाईस. लेकराला झुलवायचं, एवढंच तुझं काम."

त्या दिवशी दुपटं कोरडं राहिलं. मला वाटलं सुटलो बाबा, सासूला पुरणपोळी करून घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर पाळण्यात पाणी. ओल न्हवं, पाणी. पोरगी त्येच्यात उताणी, ओठ निळं, आन् पाळणा आपला आपण हलतोय. मी तिला उचलली, पोटाशी धरली आन् जोतीरामला म्हटलं, ह्यो पाळणा आत्ताच्या आत्ता विहिरीत घाला, न्हायतर मी पोरगी घेऊन माहेरी चालले.

गणपतरावाच्या जुन्या विहिरीत त्येनं दोरानं पाळणा सोडला. वाळलेलं लाकूड, तरंगायला पायजे हुतं. तरंगलं न्हाय. खालनं कुणी धरल्यागत सरळ तळाला गेलं. घरी आलो तर शालूचं गारठलेलं अंग परत उबदार लागलं, आन् तिनं घटाघटा दूध ओढलं. मी रडले. सासूसुद्धा रडली.

पोरगी सुधारली, बसायला लागली, रांगायला लागली. मग धुणं धुवायला जाणाऱ्या बायका बोलायला लागल्या. जुन्या विहिरीचं पाणी हलतंय म्हणं. वारं न्हाय, मोट न्हाय, तरी ह्या काठाकडनं त्या काठाकडं, परत ह्या काठाकडं. मला ऱ्हाववंना. शालूला काखेत घेऊन भर दुपारी गेले, जोतीरामबी मागनं आला. वाकून बघितलं. पाणी संथ झुलत हुतं, आन् झुलताना पाळण्याची कडी करकरावी तसं करकरत हुतं.

तिथं माझ्या ध्यानात आलं. लाकडाला दोन शब्द दिल्यात ह्या माणसानं. लाकडानं दोन्ही पाळलं. विहिरीत गेलं आन् पाळणाबी राहिलं. आन् पाळणा रिकामा हाय.

शालूनं माझ्या काखेतनं दोन्ही हात पाण्याकडं पसरलं. वळखीच्या माणसाकडं पोर झेपावतं, तशी झेपावली. हसत. मी तिला आवळून धरली, तिच्या दंडावर माझी बोटं उमटली. जोतीराम विहिरीच्या काठावर हात टेकून म्हणाला, "थांब, मी परत सांगून बघतो त्येला."

"आता तोंड उघडू नगासा," मी म्हटलं. "तुमच्या पाया पडते."

तसंच घर सोडलं आन् मुरगूडला माझ्या माहेरी आलो. जोतीरामबी आला, हितं सुतारकी करतोय, पण झाडाला काय सांगत न्हाय. शालू चालतीया, बोलतीया, चांगली गुटगुटीत हाय. तिला मी पाळण्यात घातली न्हाय, परत कधीच न्हाय. भुईवर घोंगडं टाकून निजवते. झोप लागली की तिचं अंग हळूहळू हलायला लागतंय, ह्या कुशीकडनं त्या कुशीकडं. मी छातीवर हात ठेवून दाबून धरते. माझा हातबी हलतोय.