माळकऱ्याचे बोंबील

इमान ही विकत मिळणारी वस्तू नव्हे. आमच्या गावात ती सुक्या बोंबलाच्या एका तुकड्याला मिळत असे, आणि तुकडा मधला लागे. मुंडकं चालत नसे.

हा भाव ठरला एकोणीसशे अठ्ठावन्नच्या उन्हाळ्यात, गोविंदरावांच्या विहिरीवर. गाव डहाणूच्या किनाऱ्याला. रेतीवर मासेमारांची मांगेलआळी, तिच्या मागे चिकूच्या वाड्या. आळीतल्या विहिरीचं पाणी चैत्रापासून असं मचूळ व्हायचं की त्यात डाळ शिजत नसे. म्हणून आळीतल्या बायका तीन पिढ्या गोविंदरावांच्या वाडीतल्या गोड विहिरीवर हंडे घेऊन येत. त्यांच्या आज्याने कधी कुणाला अडवलं नाही, बापाने नुसत्या शिव्या दिल्या. गोविंदरावांनी तेलाचं इंजिन आणलं.

इंजिन दिवसभर भकभकायचं आणि नव्या दोनशे कलमांना पाणी द्यायचं. त्या दिवसापासून बायकांचा एकेक हंडा गोविंदरावांच्या डोळ्यात खुपू लागला. त्यांनी पायवाटेवर काटे टाकले, ते आळीतल्या चुलींत जळाले. फाटकाला कुलूप लावलं, ते चौथ्या दिवशी कुणाच्या तरी जाळ्याला वजन म्हणून लागलं.

"बापाचा माल हाय काय?" एका सकाळी ते विहिरीच्या काठावर उभं राहून ओरडले.

"बापाचा नाय, सासऱ्याचा," हंसा म्हणाली. हंसा म्हणजे आळीतलं सगळ्यात लांब पोचणारं तोंड. हंडा भरता भरता बोलायची, पाणी सांडायची नाही. "विहीर खणली तवा तळाचा चिखल माज्या सासऱ्यानं उपसला. तुज्या आज्यानं वर बसून विडी वढली."

"तुझी जीभ झडो!"

"झडंल तवा झडंल. आता सर, पोहरा सोडायचाय."

गोविंदरावांनी त्याच आठवड्यात कुत्रा आणला.

गाव सोडून निघालेल्या एका इराणी बागाईतदाराचा तो कुत्रा, वासराएवढा, नाव टायगर. इराण्याने त्याच्याबरोबर एक उपदेशही फुकट दिला. "सेठ, ये काम के बदले खाता है. काम किया, तो उसी वक्त मुंह में देना. और जो इसको सबसे प्यारा है, वोही देना. रोटी देगा, तो रोटी जैसा काम करेगा."

गोविंदरावांनी रोटीपासूनच सुरुवात केली. भाकरी हुंगून टायगर सावलीत जाऊन झोपला. दूधभाताला त्याने शेपटीचं टोक हलवलं. गूळ चाटला आणि जीभ मातीला पुसली. चिकू दिला तर बी गोविंदरावांच्या पायाशी थुंकला. बायकोने, गोदूबाईंनी, तूप लावलेली पोळी आणली, ती खाल्ली, पण "छू!" म्हटल्यावर उठून आणखी पोळी मागायला स्वयंपाकघरात गेला.

"अवो, तो इराण्याचा हाय. हाडकांवर वाढलेला," गोदूबाई म्हणाल्या. "त्याला दूधभात घालून राखण होईल काय?"

इथे अडचण होती. तीन वर्षांपूर्वी गोविंदरावांनी गुरू केला होता. गळ्यात तुळशीची माळ आली, आणि घरातून मासळी गेली. गोदूबाईंच्या गळ्यात माळ नव्हती, पण मासळी त्यांचीही गेली. वाऱ्याबरोबर आळीतून सुक्या मासळीचा वास आला की त्या दार लावून घेत. गावाला वाटे, किळस येते.

शेवटी गोविंदरावांनी गड्याला बोलावलं. सुकऱ्या सायवनकडचा, एकोणीस वर्षं वाडीत राबत होता.

"आळीतून सुके बोंबील आण. इंजिनाच्या खोपीत ठेव. घरात आणलेस तर तंगडी मोडीन."

सुकऱ्या हंसाकडेच गेला, कारण तिचे बोंबील चांगले.

"माळकऱ्याला बोंबील कशाला रं?" हंसाने विचारलं.

"कुतऱ्याला. तुमाला चावायला शिकवायचाय."

हंसाने हातातला बोंबील खाली ठेवला, दुसरा जाड बघून उचलला. "माजाच बोंबील खाऊन मलाच चावनार? मंग चांगलं बघून देते. उद्या म्हनंल, वंगाळ माल दिला."

शिकवणी दुसऱ्या दिवशी सुरू झाली. सुकऱ्याला गोदूबाईंचं जुनं लुगडं गुडघ्यावर कासोटा घालून नेसवलं, डोक्यावर रिकामा हंडा दिला. त्याने पायवाटेने विहिरीवर यायचं. गोविंदरावांनी आंब्याखाली उभं राहून "छू!" म्हणायचं. कुत्र्याने भुंकत अंगावर जायचं, आणि लगेच तोंडात बोंबील पडायचा.

"शेट, बोंबील तुमी द्या," सुकऱ्या लुगड्यातून म्हणाला. "कुतरा देनाऱ्याचा हुतो."

"मी? माळ घालून बोंबलाला हात लावू? अक्कल गहाण टाकलीस?"

"मंग कोन देनार?"

"तूच दे. पदराला बांधून ठेव, भुंकला की दे."

"म्हंजे चोरबी मीच, आन् देनाराबी मीच?"

"चोरही तूच, देणाराही तूच! जास्त शहाणपण शिकवू नको."

सुकऱ्याने पुन्हा शहाणपण शिकवलं नाही. ऐकायचं नसेल त्याला दोनदा सांगायचं नाही, हे तो एकोणीस वर्षांत शिकला होता. लुगडं नेसून तो रोज यायचा, कुत्रा भुंकत धावायचा, विहिरीपर्यंत सोबत करायचा, आणि पोहरा ओततात त्या थारोळ्याजवळ पदराची गाठ सुटायची. आठ दिवसांत टायगर असा तयार झाला की हंडा दिसला तरी लाळ गळायची. गोविंदरावांनी ती लाळ पाहून म्हटलं, "बघा, रक्ताला चटावलाय."

खोपीतले बोंबील मात्र कुत्र्याच्या मानाने लवकर संपत. गोदूबाई ते परसातल्या चुलीवर भाजून पाठवू लागल्या होत्या. "भाजलेले त्याला जास्त आवडतात," त्या म्हणत. त्यांना कसं कळलं, हे कुणी विचारलं नाही.

अक्षय्यतृतीयेच्या आदल्या दिवशी दवंडी झाली: उद्यापासून विहिरीवर कुत्रा मोकळा राहील, चावला तर ज्याचा तो जबाबदार.

सकाळी निम्मं गाव कुंपणाला टेकून उभं. बायका फाटकाशी थबकल्या. कुत्रा इंजिनाच्या खोपीपुढे बसलेला, बिनसाखळीचा.

"मागं फिर गं," एकजण म्हणाली. "पोटरी तोडंल."

"घरात सून बाळंतीण हाय. आज पाचवा दिस," हंसा म्हणाली. "तिला काय दर्याचं पानी पाजू?" आवाज नेहमीचाच होता, पण एरवी हात न लावता तोलायचा हंडा तिने एका हाताने धरला होता. तिने फाटक ढकललं.

"छू!" गोविंदराव गरजले. "धर तिला!"

टायगर उठला. भुंकत, माती उडवत सुटला. कुंपणावर कुणीतरी "मेली, मेली" म्हटलं. हंसा जागीच खिळली. सुकऱ्या जमिनीकडे बघत राहिला.

कुत्रा तिच्यापासून हातभर अंतरावर थांबला. पुढे झाला, तिचा पदर हुंगला. चाळीस वर्षं बोंबील वाळत घातलेला तो पदर. मग तो वळला आणि रोजच्यासारखा तिच्यापुढे विहिरीकडे चालू लागला. दर चार पावलांनी मागे बघायचा, येते ना म्हणून.

हंसा गेली. हंडा भरला.

"अरे छू! छू म्हणतो ना हरामखोरा!" काठी उगारत गोविंदराव विहिरीवर धावले.

टायगरने त्यांच्याकडे पाहिलं. माणूस विहिरीवर धावत येतोय, मालक छू म्हणतोय. पुढचं त्याला पाठ होतं. तो जीव तोडून भुंकला, आणि तरीही गोविंदराव काही देईनात, म्हणून त्यांच्या धोतराचा सोगा दातांत धरून वाट बघत उभा राहिला.

गोविंदरावांनी काठी टाकली, दोन्ही हातांनी कंबर धरली. निरी सुटत आली होती.

"सुकऱ्या! याला काहीतरी दे!"

"शेट, लुगडं घरी ऱ्हायलंय. बिनलुगड्याचा वळखत नाय मना."

"घ्याऽऽ शेटऽऽ, घ्याऽऽ!" कुंपणावरून मासळीबाजारातल्यासारख्या हाळ्या उठल्या. तेवढ्यात गोदूबाई पडवीतून शांतपणे आल्या. हातात चिमटा, चिमट्यात भाजलेला बोंबील, मधला तुकडा.

"घ्या," त्या म्हणाल्या. "द्या आपल्या हातानं."

"तू दे की!"

"तीन वरसं मी शिवले नाय," गोदूबाई सगळ्या गावादेखत म्हणाल्या. "आज सणाची शिवू?"

सोगा आणखी चारेक बोटं सुटला. गोविंदरावांनी एका हाताने माळ बंडीच्या आत ढकलली, आणि त्याच हाताच्या दोन बोटांत बोंबील धरला. टायगरने धोतर सोडलं, तुकडा घेतला आणि त्यांची बोटं नीट चाटून काढली.

हंसा हंडा डोक्यावर घेऊन शेजारून गेली. "मुंडकं देऊ नका हां शेट," ती म्हणाली. "खात नाय तो."

त्या उन्हाळ्यात आळीतल्या बायकांनी पदराला एकेक तुकडा बांधून पोटभर पाणी भरलं. विहिरीकडे हंड्याशिवाय येणाऱ्या माणसालाही टायगर बोंबील घेतल्याशिवाय सोडत नसे, म्हणून गोविंदराव तिकडे फिरकत नसत. कलमांना पाणी मात्र चालू होतं. इंजिन दिवसभर भकभकत होतं.

पुढच्या चैत्रात, उपसून उपसून खोल गेलेल्या त्या विहिरीला दर्याचं पाणी लागलं. आता तिच्या पाण्यात डाळ शिजत नाही.