शंभर फुटांचा दोर

मी सही करणार नाही म्हणाले, आणि सात माणसांचं जेवण तिथेच अडलं.

आमच्या भुयार मंडळाचा नियमच तसा होता. जालन्यातले आम्ही सात जण रविवारी एसटीने निघायचो, कुठलं तरी भुयार नाहीतर पडकं लेणं गाठायचो आणि बाहेर आल्यावर त्या दिवशीची नोंद वहीत लिहायचो. आत गेलेल्या प्रत्येकाची सही झाल्याशिवाय नोंद खरी नाही, आणि नोंद खरी झाल्याशिवाय डबा उघडायचा नाही. हा नियम अण्णासाहेबांचा. ते हायस्कुलात विज्ञान शिकवायचे आणि मंडळाचे अध्यक्ष होते. सगळ्यांचे डबे एका सतरंजीवर मांडायचे आणि ज्याला जे हवं ते त्याने उचलायचं, हाही नियम त्यांचाच. माझ्या डब्यातली भाकरी पहिल्यांदा त्यांनीच उचलली होती. चौऱ्याहत्तर सालची ही गोष्ट. बौद्ध वस्तीतल्या मास्तरीणबाईच्या डब्यात हात घालणारे तेव्हा किती होते, ते मला चांगलं ठाऊक आहे. त्यामुळे या मंडळावर माझा जीव होता, आणि म्हणूनच त्या संध्याकाळी मला इतका राग आला.

हसनाबादच्या पुढच्या टेकडीतल्या भुयारात आम्ही वटवाघळांचा वेग मोजला. पुण्याच्या एका मंडळाने ताशी चोवीस मैल मोजला होता आणि तसं पत्र पाठवून आम्हाला डिवचलं होतं. अण्णासाहेबांना ते पत्र चांगलंच झोंबलं होतं. सरळसोट भुयारात दोर टाकला, शंभर फुटांचा, दोन टोकांना दोन गाठी. आतल्या गाठीशी मी बॅटरी घेऊन उभी. तोंडाशी, दुसऱ्या गाठीजवळ, मुनीरभाई स्टॉपवॉच घेऊन. त्यांचं बाजारात घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. दिवस बुडता बुडता पहिली वटवाघळं एकेकटी निघतात, थवा नंतर येतो. एखादं माझ्या डोक्यावरून गेलं की मी बॅटरी चमकवायची, मुनीरभाईंनी कळ दाबायची आणि ते त्यांच्यापाशी पोचलं की पुन्हा दाबायची. अशी सहा मोजली. सरासरी दोन पूर्णांक सात सेकंद. म्हणजे ताशी सव्वापंचवीस मैल! अण्णासाहेबांनी टोपी हवेत उडवली.

बाहेर येताना दोर मी गुंडाळला आणि माझे हात ओले झाले.

"दोर भिजला कसा?" मी विचारलं.

"म्याच भिजवला काल," सर्जेराव ऐटीत म्हणाला. तो कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून. "शाळेच्या मैदानात टेप लावून गाठी मारल्या, मंग हौदात टाकला. गाठी कशा पक्क्या बसल्या बघा!"

अंबाडीचा दोर तो. माझी आई, चांगुणाबाई, आडावर नवा दोर नेताना दोन हात जास्तच ठेवायची. भिजला की दोर आखडतो आणि बादली पाण्याच्या वर लोंबकळत राहते. पाणी शेंदणाऱ्या कुठल्याही बाईला हे कळतं. आयता तांब्या हातात येणाऱ्यांना कळत नाही.

"दोर आखडलाय, अण्णासाहेब. हे शंभर फूट न्हाईत. तुमची काठी द्या, मोजू."

त्यांची काठी बरोबर तीन फुटांची होती, तिच्यावर इंचांच्या खुणा कोरलेल्या. ती त्यांनी मांडीवर आडवी घेतली आणि दोन्ही हातांनी धरून ठेवली.

"बाई, दोन-चार बोटांनी काय फरक पडतो? पत्र उद्याच्या डाकेनं जाणार. जल्दी सही करा. आणि करायची नसंल, तर पुढच्या रविवारपासून येऊ नका."

शाळा आणि घर सोडून मला जायला दुसरी जागा नव्हती. मांडीला मांडी लावून बसायला तर नव्हतीच. पण खोट्या आकड्याखाली माझं नाव घालून मिळणारी जागा मला नको होती. मी वहीचं पहिलं पान उघडून त्यांच्यासमोर धरलं. कोण कुठल्या अरुंद भोकातून जाईल ते ठरवायला मंडळ प्रत्येकाची उंची लिहून घ्यायचं.

"वाचा. 'प्रभावती, पाच फूट.' तुमचंच अक्षर हाय, तुमच्याच काठीनं मोजलेलं."

दोर मी जमिनीवर ताणला, दोन्हीकडे धोंडे ठेवले, चपला काढल्या, पदर कमरेला खोचला आणि टाचा पहिल्या गाठीला लावून मातीत सरळ आडवी झाले. मुनीरभाईंनी कंदील आणला आणि माझ्या डोक्याशी खडा ठेवला. मी उठले, खड्याला टाचा लावल्या आणि पुन्हा आडवी झाले.

"बाई लोटांगण घालून राह्यल्या!" सर्जेराव हसला.

"लोटांगण आमच्या घरानं छप्पन सालीच सोडलं," मी पडल्या पडल्या म्हणाले. "मी मोजून राह्यले. तुम्ही आकडे म्हणा."

मुनीरभाईंनी एकट्यानेच मोठ्याने म्हणायला सुरुवात केली. पाठीला खडे टोचत होते, केसांत माती गेली होती. दहानंतर बाकीचेही म्हणू लागले, पंधरानंतर सर्जेरावसुद्धा. दोर खरोखर शंभर फुटांचा असता तर मला वीस वेळा झोपावं लागलं असतं. अठरा झाले. एकोणिसाव्या वेळी आडवी झाले आणि दुसरी गाठ माझ्या कमरेशी लागली.

"त्र्याण्णव," मुनीरभाई म्हणाले. "बिलकुल त्र्याण्णव."

मी वहीत हिशेब मांडला. ताशी साडेतेवीस मैल. पुण्याकडून आम्ही अर्ध्या मैलाने हरलो होतो. सव्वापंचवीसवर काट मारून खाली खरा आकडा लिहिला आणि सही केली. मुनीरभाईंनी केली. मग बाकीच्या तिघांनी. सर्जेरावने डब्यांकडे एकदा बघितलं आणि त्यानेही केली. वही अण्णासाहेबांपुढे गेली.

"आणि म्या न्हाई केली तर?"

"तर जेवण न्हाई. नियम तुमचाच हाय."

मी माझा डबा मांडीवर घेतला आणि अंगावरची माती न झटकता बसून राहिले. भूक मलाही लागली होती, पण घाई नव्हती.

"अण्णासाहेब," सर्जेराव हळूच म्हणाला, "भाकरी वाळून राह्यली."

मग अण्णासाहेबांनी मांडीवरची काठी खाली ठेवली आणि पेन उचललं.

"पुढच्या रविवारी मी येणार हाय," डब्याचं झाकण काढत मी म्हणाले. "दोर मी आणते."