शनिवारचा चखणा

एडवर्डने आणलेली पिशवी इनेझने ओट्यावर रिकामी केली. दुधी, पपई, मुगाची डाळ. तळाशी सुके बोंबील, खारे शेंगदाणे आणि सहा लिंबं निघाली. तिचा हात तिथेच थांबला.

लग्नानंतरची तीस वर्षं नंदाखाल गावातल्या या घरातला शनिवारचा बाजार एडवर्डच्या बाटलीवर ठरायचा. देशी असली तर बोंबील नि मिरच्या, बिअर असली तर अंडी नि फरसाण. त्या रात्री भात-भाजीला तो हातही लावत नसे. मग लिव्हर सुजलं, डॉक्टरांनी दम भरला आणि आठ महिन्यांपूर्वी त्याने दारू सोडली. तेव्हापासून दुधीसुद्धा मुकाट खात होता.

"हे कशाला आणलंत?"

"हिलरीला बोलावलंय."

हिलरी जवळच्या वटार गावचा, त्याचा शाळेपासूनचा मित्र. पूर्वी दर शनिवारी यायचा. आठ महिन्यांत एकदाही फिरकला नव्हता.

"आणि बाटली?"

"नाही आणली."

तो अंगणात खुर्च्या मांडायला गेला. इनेझने कपाटामागे हात घालून पाहिलं, मग मागच्या दाराने वाडीतल्या पंपाच्या खोलीपर्यंत जाऊन आली. काही सापडलं नाही. तिने बोंबील तव्यावर टाकले.

सात वाजले तेव्हा एडवर्ड इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर बसला होता. साडेसातला फोन वाजला.

"नाही रे, नाही आणली. बोंबील आहेत गरम... बरं. बघ मग, पुढच्या शनिवारी."

फोन खिशात ठेवून तो केळींकडे बघत राहिला. इनेझ बशी घेऊन दारात उभी होती.

"त्याला काम निघालं," तो म्हणाला. मग तिच्याकडे न बघता त्याने विचारलं, "पंपाच्या खोलीत बघितलंस?"

"बघितलं."

"बघत जा."

त्याच्या आवाजात राग नव्हता. इनेझने बशी स्टुलावर ठेवली. एरवी ती तशीच आत वळायची. आज ती हिलरीसाठी मांडलेल्या खुर्चीत बसली. एडवर्डने आश्चर्याने मान वळवली.

"तू कधी बाहेर बसली नाहीस."

"मला कोणी बोलावलंच नाही," इनेझ म्हणाली.

 एडवर्डने बशीसकट स्टूल उचलून तिच्या जवळ ठेवलं.