ठिगळीच्या रेघा

मामीला नकार ऐकायची सवय नव्हती. सोफे, खुर्च्या, गाद्या दुरुस्त करायचं तिचं दुकान. गिऱ्हाईक हिरवं कापड मागायला यायचं आणि तपकिरी घेऊन, वर मामीचे आभार मानून जायचं. माणूस समोर आला की मामी आधी त्याचा हात धरायची, मूल असेल तर गालगुच्चा घ्यायची, आणि मगच बोलायला सुरुवात करायची. "माया हात लावूनच करायची असते. लांबून करतात ती चौकशी," असं तिचं म्हणणं.

अशा मामीला दोघींनी सपशेल नकार दिला होता. एक मागच्या अंगणातली मांजर आणि दुसरी सख्खी नात.

आधी नातीचं सांगायला हवं. पोरगी सात वर्षांची. गेल्या सुट्टीत आली, तर गाडीतून उतरते न उतरते तोच मामीने तिला उचललं, दोन्ही गालांचे मुके घेतले, वेणी सोडली, पुन्हा घातली आणि शेजाऱ्यांना दाखवायला नेली. हातातून सुटली तशी पोर थेट कापड कापायच्या मोठ्या टेबलाखाली जाऊन बसली. राहायचं होतं आठ दिवस; दुसऱ्याच दिवशी तिने "घरी जायचं" म्हणून जे भोकाड पसरलं, ते गाडी सुटेपर्यंत. मामी लोकांसमोर हसली. "लाजाळू आहे हो आमची," म्हणाली. पण त्या दिवशी तिच्या हातून एक टाका सरळ पडला नाही.

यंदा लेकीचा फोन आला. "आई, ती नको म्हणते गं यायला."

"दे तिला."

फोनवर नुसता श्वास. तेवढ्यात खिडकीतून तिला अंगणाच्या भिंतीवर बसलेली मांजर दिसली. पांढऱ्यावर काळे आणि तांबूस तुकडे, जशी उरलेल्या कापडांतून कोणी शिवली असावी.

"अगं, माझ्याकडे मांजर आहे!"

"खरी?" पलीकडून पहिल्यांदा आवाज आला.

झालं! मामीची जीभ अशी सुटली की तिलाच आवरेना. "खरी म्हणजे काय! ठिगळी नाव तिचं. माझ्या मांडीवर झोपते, घुरघुर करते. तू आलीस की तुझ्या मांडीवर बसेल बघ."

"मग येते. बारा दिवस."

मामीने फोन ठेवला आणि कपाळाला हात लावला. मांडीवर कुठली, ठिगळीने तिला आजवर शेपटाचं टोकही लावू दिलं नव्हतं. हातात तीन आठवडे होते. पण मामी ती मामीच. रोज सकाळी ती अंगणात वाडगा ठेवायची, शेजारी स्टुलावर बसायची आणि ठिगळी जिथवर येऊन थांबेल तिथे फरशीवर पांढऱ्या खडूने रेघ मारायची. गळ्यातल्या टेपने अंतर मोजायची. पहिली रेघ पार भिंतीपाशी, बावीस फुटांवर. मग एकोणीस. मग पंधरा. मग नऊ. आणि नवावर गाडं जे अडलं ते अडलं. मामीने हाका मारल्या, गाणी म्हटली, माशाचं डोकं दाखवलं. नऊ म्हणजे नऊ.

"अहो मामी, ती यायची नाही," शेजारचे घड्याळजी कुंपणावरून म्हणाले. घड्याळं दुरुस्त करून करून या माणसाला कसलीच घाई उरली नव्हती.

"का नाही येणार? भटकी मांजरं माणसाळतात की."

"भटकी वेगळी, रानटी वेगळी. भटकी म्हणजे जिचं घर सुटलं. तिला माणूस आठवतो, ती पायात घोटाळते, म्याव म्हणते. हिचा जन्मच त्या लाकडांच्या ढिगात झाला. डोळे उघडले तेव्हापासून माणूस म्हणजे संकट, एवढंच हिला ठाऊक. तुम्ही कधी हिचा आवाज ऐकलाय?"

मामी आठवू लागली. खरंच, ठिगळी एकदाही ओरडली नव्हती.

"माणसाशी बोलायचं असतं हेच तिला माहीत नाही," घड्याळजी म्हणाले. "तुमच्यावर राग नाही हो तिचा. तुमच्यासमोर जेवते, हेच पुष्कळ."

"तुमचं पुष्कळ तुमच्यापाशी ठेवा. माझी नात परवा येतेय."

आणि नातीच्या येण्याच्या दिवशी सकाळी मामीने हात दाखवून अवलक्षण केलं. ठिगळी वाडग्यात तोंड घालून बसली असताना मामीने मागून येऊन तिच्यावर सोफ्याच्या उशीचा मोठा अभ्रा टाकला. पुढचं अर्धं मिनिट अभ्र्यात नेमक्या किती मांजरी आहेत हे देवालाच माहीत. हातावर कोपरापर्यंत ओरखडे घेऊन मामी दुकानात शिरली, दोन्ही दारं लावली आणि अभ्रा सोडला. एक तांबूस-काळी रेघ हवेतून गेली. कात्री पडली, स्प्रिंगांचा डबा सांडला, आणि मग सगळं चिडीचूप.

"बसली असेल माळ्यावर. भूक लागली की येईल नाक मुठीत धरून," मामी म्हणाली आणि कामाला लागली, कारण दाताच्या डॉक्टरांचा सोफा दुपारी पोचवायचा होता. पेशंट बसतात त्या खोलीतला लांबलचक सोफा. काम सगळं झालं होतं, फक्त बुडाचं काळं कापड लावायचं राहिलं होतं. सोफा पाठीवर आडवा पडला होता, पोट उघडं. मामीने कापड ताणलं, दाभण घेतलं आणि दाट टाक्यांनी पोट शिवून टाकलं. दुपारी हमालांनी सोफा उचलला. "मामी, यंदा जड केलाय," त्यातला एक म्हणाला. "तुम्हीच हलके झालात," मामीने सुनावलं.

संध्याकाळी लेक नातीला सोडून गेली. नात दारात उभी, पिशवी छातीशी धरलेली. मामी हात पसरून धावली. पोर दोन पावलं मागे सरकली. मामीने पसरलेले हात कसेबसे स्वतःच्या केसांकडे वळवले.

"ठिगळी कुठंय?"

"आहे ना! इथेच आहे. झोपलीय."

मामीने माळा शोधला, कपाटांमागे पाहिलं, कापसाची पोती हलवली. ठिगळी नाही. वाडग्यातलं दूध तसंच. नात टेबलाखाली जाऊन बसली आणि तिथून शोधणाऱ्या आजीचे पाय बघत राहिली. मांजर गेली ती गेलीच. उद्या हीसुद्धा "घरी जायचं" म्हणणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला फोन वाजला. दाताचे डॉक्टर.

"मामी, रागावू नका, पण सोफ्यात काहीतरी आहे."

"स्प्रिंगा आहेत, नव्याकोऱ्या."

"अहो, एक पेशंट म्हणाला, बुडाखाली हललं. मी म्हटलं, भीतीनं होतं तसं. दुसरा म्हणाला. आता मी स्वतः बसून पाहिलं, आणि मला तर दात काढायचे नाहीयेत!"

मामीच्या डोळ्यांसमोर कालचं उघडं पोट, काळं कापड आणि जड सोफा एका ओळीत उभे राहिले. "अगं बाई गं!" ती एवढ्या जोराने म्हणाली की नात टेबलाखालून बाहेर आली.

डॉक्टरांचा दवाखाना दोन गल्ल्या सोडून. तिथे गालाला रुमाल बांधलेले दोन पेशंट भिंतीला चिकटून उभे होते आणि सोफ्यावर कोणी नव्हतं. मामीने कान लावला. काही नाही.

"हाक मार ना," नात म्हणाली. "तुझ्या मांडीवर झोपते ना? हाकेला येईल."

सगळे मामीकडे बघू लागले. मामीने घसा खाकरला. "ठिगळे, ए ठिगळे, बाळा..." सोफा गप्प. घरातली मांजर असती तर एव्हाना ओरडून तिने दवाखाना डोक्यावर घेतला असता. ही एक दिवस आणि एक रात्र माणसांच्या खाली बसून होती, आणि तिने चकार शब्द काढला नव्हता. मामीला एकदम भडभडून आलं.

"ती नाही यायची," मामी म्हणाली. "मी थाप मारली गं. ती कधीच माझ्या मांडीवर बसली नाही. मला तिला हातसुद्धा लावता आलेला नाही. काल पकडून आत कोंडली, तर ती यात लपली, आणि मी अकलेचा कांदा, मीच तिला शिवून टाकली."

"एकदापण नाही बसली?"

"एकदापण नाही."

"मग का सांगितलंस?"

"तू यावंस म्हणून."

नात रडली नाही. ती पोटावर पालथी पडली आणि सोफ्याखालच्या काळ्या कापडाकडे बघत राहिली. एका कोपऱ्यात कापडाला फुगवटा आला होता आणि तो हळूहळू वरखाली होत होता. मामी कात्री घेऊन खाली वाकली.

"हात नको घालूस," नात म्हणाली. "तिला नको असतं. इथे कापलंस तर ती कुठे जाईल? तिला तिच्या घरी सोडायचं."

असं म्हणून ती उठली आणि सगळ्यांकडे अशी बघू लागली की डॉक्टरांनी निमूट अंगातला पांढरा कोट काढला. सोफा परत निघाला. पुढे डॉक्टर आणि एक पेशंट, मागे मामी आणि दुसरा पेशंट, बाजूने नात, "हळू, हळू" करत. दुसऱ्या पेशंटची दाढ कालपासून ठणकत होती. दोन गल्ल्या ओलांडेपर्यंत तो ती विसरला होता. घड्याळजींनी कुंपणाचं फाटक उघडून धरलं आणि "काही विचारू का?" म्हणाले. "काही नको," मामी म्हणाली.

अंगणात सोफा टेकवला. मामीने एका बाजूचे टाके अलगद उसवले, स्वतःचेच टाके, आणि इतके घट्ट घातल्याबद्दल स्वतःलाच शिव्या घातल्या. पाहुण्यांना वाटेला लावलं. मग ती वाकून उघड्या कापडात डोकावणार, तोच मागून आवाज आला.

"आजी, लांब बस. स्टुलावर. आणि हात मांडीखाली घे, म्हणजे सुटणार नाहीत."

साठीला आलेली मामी, जिच्यापुढे कोणाची बिशाद नव्हती, ती दारातल्या स्टुलावर स्वतःच्या हातांवर बसली. नात आपल्या टेबलाखाली गेली. तिथून अंगण दिसायचं.

तासभर काही नाही. मग एक पांढरा पंजा. मग नाक. मग अख्खी ठिगळी, केसांत कापूस अडकलेली, एका झेपेत भिंतीवर. मामीला वाटलं, आता उडी मारेल पलीकडे आणि पुन्हा तोंड दाखवणार नाही. पण ठिगळी भिंतीवर बसली, पाय पसरला आणि सावकाश चाटू लागली. मामीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि हात मांडीखाली असल्यामुळे ते पुसताही येईना.

तीन आठवड्यांची कमाई गेली. मामीने जुन्या रेघा पुसून पुन्हा बावीस फुटांवर रेघ मारली. नातीने खडूच्या डब्यात डोकावून निळा खडू मागितला. "घे की," मामी म्हणाली आणि कशाला ते विचारलं नाही, कारण तिला आता न विचारण्याचा सराव करायचा होता.

बारा दिवस दोघी सकाळी अंगणाकडे तोंड करून बसल्या, मामी दारातल्या स्टुलावर, नात तिच्या मागे आत. बोलणं फार नाही. नातीला आपणहून सांगावंसं वाटलं की ती सांगायची: शाळेत तिच्या बाकावर कोण बसतं, कोणाची पेन्सिल चोरीला गेली. मामी नुसतं "हं" म्हणायची. एवढं "हं" तिने उभ्या जन्मात म्हटलं नव्हतं. डोळे ठिगळीवर. एकवीस. अठरा. मधे एकदा घड्याळजी शिंकले आणि पुन्हा वीस; त्या दिवशी मामी त्यांच्याशी बोलली नाही. शेवटच्या दिवशी चौदा.

लेक न्यायला आली. मामीने हात पाठीमागे घट्ट बांधले. नातीने दारात वळून हात हलवला आणि गेली. मिठी नाही, मुका नाही. मामीने गाडी दिसेनाशी होईपर्यंत हात सोडले नाहीत. मग "चौदा तर चौदा," असं पुटपुटत तिने केरसुणी घेतली.

टेबलाखालून केर काढताना ती थांबली. फरशीवर निळ्या खडूची छोटी रेघ होती आणि तिच्याशेजारी वेड्यावाकड्या अक्षरात 'एक'. टेबलाच्या कडेशी दुसरी, 'दोन'. टेबलाच्या बाहेर 'तीन'. मामी केरसुणी टाकून गुडघ्यांवर बसली आणि रेघांमागून रांगत निघाली. चार आणि पाच कपाटाजवळ. सहाला शिंकेचा दिवस असावा, ती जराशी मागे. मग सात, आठ, नऊ, दहा, दाराकडे. अकरा. आणि 'बारा' थेट तिच्या स्टुलाच्या पायाशी. मामीने गळ्यातला टेप काढून मोजलं. चार बोटंही नव्हती मधे. पोर इतकी जवळ बसली होती, आणि ती आपली मांजराकडे बघत होती.

"घड्याळजी!" तिने हाक मारली. "उद्यापासून या निळ्या रेघांवर कोणी पाय ठेवायचा नाही. तुम्हीसुद्धा."

संध्याकाळी लेकीचा फोन आला, पोचल्याचा. मग पलीकडे श्वास ऐकू आला.

"आजी, पुढच्या वेळी रेघ कुठून सुरू करायची? परत टेबलाखालून?"

मामीच्या जिभेवर पन्नास वाक्यं आली. ये गं माझ्या बाळा, मांडीवरच ये, थांबतेस कशाला. तिने ती सगळी गिळली.

"तू म्हणशील तिथून," ती म्हणाली, आणि मोकळा हात तिने सवयीने मांडीखाली घातला.