जोहरच्या नमाजाआधी

मशिदीवर नुकत्याच बसवलेल्या भोंग्यातून सकाळीच अम्मीच्या मौतीची खबर सगळ्या मोमिनपुऱ्यात गेली होती. जोहरच्या, म्हणजे दुपारच्या नमाजानंतर जनाजा निघणार होता. शेवटची आंघोळ आटोपली होती, कफनातून फक्त चेहरा उघडा होता, आणि दारात हुर्मतखाला आडवी उभी होती.

"अब्बांना एकदा पाहू द्या, खाला," शाकेरा म्हणाली.

"काहून? जीव गेला का निकाह तुटला वं. आता तो तिले परका." खाला मूळची काटोलकडची. मोहल्ल्यातल्या बायकांना शेवटची आंघोळ तीच घालायची. "एवढ्या बाया धुतल्या म्या, एका नवऱ्याले आत नाही येऊ दिलं."

"पाहायला मनाई नाही. मी वाचलंय."

"वाच बाई, अन् शिकव तुह्या सदर बाजारच्या शाळेत. गुन्हा तं माह्या डोक्यावर येईन ना!"

अब्बा वाद न घालता मशिदीत जाऊन बसले होते. ते हातमागावर, अम्मी शेजारी सुताच्या कांड्या भरत. उभा जन्म असा गेला होता.

शाकेरानं बुरखा घातला आणि मशिदीचं फाटक गाठलं. बायका त्या पायऱ्या चढत नसत. पेशइमाम हौदावर नमाजाआधीचे हातपाय धूत, वजू करत होते. तिनं खालूनच खालाचं सांगून विचारलं.

"पाहू शकतात, बेटी. हात लावायचा नाही. खांदासुद्धा देऊ शकतात." ओल्या हातांनीच ते हौदावरून उठले. "माझी बीवी गेली तेव्हा खालानं मलाही असंच अडवलं होतं. शरियतचा हा मसला मला ठाऊक होता. बायकांपुढं तोंड उघडलं नाही. चला, मीच येतो सांगायला."

दाराबाहेर उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं. खालानं पदर पुढं ओढला.

"मंग तवाच काहून नाही बोलले, हजरत?"

खाला बाजूला झाली.

अब्बा आत आले. हात त्यांनी पाठीमागं एकमेकांत घट्ट धरले होते. वाकून बराच वेळ पाहत राहिले.

"बेटा, कपाळावर केस आला पाह्य. तिले नाही खपत. तेवढा सार."

शाकेरानं सारला.

"अजून थोडा."

तिनं तो कफनातल्या ओढणीच्या आत खोवला.

"हां," अब्बा म्हणाले. "आता जमलं."