काळी एक

माघ सरत आला होता. गिरणेच्या पात्रात पाणी उरले होते ते खडकांच्या कुशीत. आणि त्या थोडक्या पाण्यात तिरप्या उन्हाचे पातळ, पिवळे, थरथरते तुकडे. काठावर उपटलेल्या पऱ्हाट्यांचे ढीग, ढिगांवर चुकार कापसाचे पांढरे ठिपके. वारा पाने हलवण्याइतका नव्हता; आवाज वाहून आणण्याइतका होता.

त्या वाऱ्यावर पुढच्या गावच्या वरातीचा बँड येत होता. बांधावर उभा राहून लोटन ऐकत होता. एक गाणे संपले. दुसरे सुरू झाले. दुसरेही त्याचे नव्हते.

त्या मुलखात गाणे चालले की पडले, हे वरात ठरवते. लोटन आणि त्याची बायको हिरकण यांनी दिवाळीत तालुक्याच्या स्टुडिओत एक जोडगाणे गायले होते, मोबाइलवर सोडले होते. शेतातल्या नवराबायकोचे, सवालजवाबाचे. तुळशीच्या लग्नापासून त्याने अकरा वराती ऐकल्या. अकरा वेळा बँड आला, अकरा वेळा बँड गेला. गाणे मोबाइलच्या काळ्या काचेमागे मुकेच राहिले.

"लोटनदादा," पारावरचा न्हावी म्हणाला होता, "जोडगाणं म्हणालास, पण वहिनी ऐकूच येईना. तिला काय रिक्षातच बसवून ठेवली होतीस?"

हसू विरले. वाक्य उरले, पायातल्या कुसळासारखे.

त्याने गाणे पुन्हा ऐकले, सातव्यांदा, सतराव्यांदा. एक मिनिट बारा सेकंदांवर तिचे कडवे येई, आणि नेमका तिथेच गाण्याचा उजेड कमी होई. राखेखालच्या निखाऱ्यासारखा आवाज; ऊब होती, ज्योत नव्हती.

मग त्याला आठवले. स्टुडिओत जाण्याच्या आठ दिवस आधी एका ऑर्केस्ट्रावाल्याचा फोन आला होता. बोलावणे तिला होते, तिला एकटीला. तिने हो म्हटले नव्हते. नाहीही म्हटले नव्हते. जोडी मोडायची म्हणूनच तिने सूर झाकला असेल का?

संशय मिठासारखा विरघळतो. डोळ्यांना दिसत नाही, आणि प्रत्येक घोटाची चव मात्र बदलून जाते. तिचे मौन बदलले. तिचे हसणे बदलले. तिच्या मोबाइलची साधी घंटीसुद्धा बदलली.

उन्हे कलली तसा तो घराकडे वळला. अंगणात मिरच्या पसरल्या होत्या, आणि देठ खुडता खुडता हिरकण तेच कडवे गात होती. लखलखीत, सळसळीत, उन्हासारखा उघडा आवाज.

तो दारात थबकला. पुरावा मिळाला होता.

"इथं आहे की आवाज! तिथं कुठं पुरला होतास?"

हातातली मिरची तिने हळूच खाली ठेवली. "तिथं पट्टी तुमची होती."

ती आतून पेटी घेऊन आली. "स्टुडिओत सांगितली होती ती धरा."

त्याने पेटीची पहिली काळी, काळी एक दाबली. त्याची पट्टी, त्याचा सा, ज्यात त्याचा गळा भरून वाजे. ती गाऊ लागली. बुटक्या दारातून वाकून जावे तसा तिचा आवाज खाली खाली उतरला, आणि तीच राख, तोच निखारा. मग तिने त्याचे बोट उचलले आणि वर, काळी चारवर नेऊन ठेवले. कडवे उजळले.

"तेव्हा का नाही बोललीस?"

"तुम्ही स्टुडिओवाल्याला विचारलंत, तबलेवाल्याला विचारलंत. मी शेजारीच उभी होते."

"आणि तो ऑर्केस्ट्रावाला?"

"त्यानं फोनवर पहिलं तेच विचारलं. ताई, तुमची पट्टी कोणती?"

लोटनने तिच्या सुरात सूर मिसळून पाहिला. दुसऱ्याच पायरीवर त्याचा गळा चिरकला. त्याने ओठ मिटले. बोट तिथेच ठेवले.

"सांग त्याला," तो म्हणाला. "काळी चार."

भाता उघडला, मिटला, उघडला, मिटला. अंगण लाल होते, आभाळ लाल होते, आणि त्या दोन लालींच्या मधून तिचा आवाज चढत होता, चढत होता, मागे वळून न पाहता.